ज्याचं जळतं, त्याचं मत



रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत. कर्वे म्हटलं की संततिनियमन आणि ‘समाजस्वास्थ्य’ मासिक एवढं चटकन आठवतं. त्यांच्या कामाची एक बाजू मात्र मागे राहून जाते, आणि आजच्या विषयाला मी तिथूनच हात घालणार आहे. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. या कामापायी प्राध्यापकी गेली, तरी ते थांबले नाहीत. गुप्तरोगांपासून स्वतःला कसं वाचवायचं, हेही त्यांनी मराठीत उघड शब्दांत लिहिलं. त्या रोगांवर सभ्य माणसाचा सल्ला ठरलेला असे : वागणूक सुधारा. कर्व्यांनी वागणुकीची अट घातली नाही. माणसं जशी आहेत तशी धरून चालायचं आणि त्यांच्यावर येणारं संकट आज, या घडीला, किती टाळता येईल ते बघायचं, ही त्यांची रीत. सार्वजनिक आरोग्यात या रीतीला आता हानी कमी करण्याचं धोरण म्हणतात. जगभर त्याची चळवळ उभी राहिली ती १९८० नंतर. आपल्याकडे एक माणूस त्याच्या साठ वर्षं आधी हे करत होता.

आणखी एक गोष्ट. ‘समाजस्वास्थ्य’मध्ये वाचक पत्रं पाठवून प्रश्न विचारत आणि कर्वे त्यांना उत्तरं देत. घरात, दवाखान्यात, देवळात जे विचारायची सोय नव्हती, ते लोक तिथे विचारत. १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला तो या प्रश्नोत्तरांवरून. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कर्व्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. तरी दंड झालाच. पुढे १९३८ मध्ये बाबासाहेबांच्या पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला, तोही फेटाळला गेला. कर्व्यांकडे विचार होता, साधनं होती, प्रश्न विचारणारी माणसंही होती. पाठीशी सरकार नव्हतं, आणि ज्या शहरात ते राबत होते त्या शहराचा कारभारही नव्हता. त्यामुळे एका माणसाची ताकद जिथे संपली तिथे काम थांबलं.

मला आज जे मांडायचं आहे ते थोडक्यात असं. धोका ज्यांच्या अंगावर येतो त्यांच्या हाती निर्णय आणि पैसा आल्याशिवाय हानी कमी होत नाही. आणि हे दोन्ही त्यांच्या हाती देण्याची जागा गावातच असते : ग्रामपंचायत, नगरपालिका, वॉर्ड, तालुक्याचा दवाखाना, आणि हो, पोलिस ठाणंसुद्धा.

सुयांचं उदाहरण घेतो. नशेची सुई टोचून घेणारे लोक एकच सुई चौघांत वापरतात आणि एकाच्या रक्तातला विषाणू चौघांत जातो. उपाय सोपा आहे. वापरलेली सुई घ्या, नवी द्या. हा उपाय सुचला कोणाला? ॲमस्टरडॅममध्ये नशा करणाऱ्यांची एक संघटना होती. शहराच्या मध्यवस्तीतल्या एका औषधविक्रेत्याने त्यांना सिरिंजा विकणं बंद केलं, तेव्हा या लोकांनीच ओळखलं की आता काविळीची, म्हणजे हिपॅटायटिस ‘बी’ची, साथ पसरणार. त्यांनी शहराच्या आरोग्य खात्याकडे सुया मागितल्या. १९८४ साली शहराने सुया पुरवल्या आणि संघटनेने त्या वाटल्या. एचआयव्हीची चर्चा तेव्हा जेमतेम सुरू झाली होती. ज्यांना आपण नशेबाज म्हणून मोडीत काढतो त्यांना साथीची चाहूल आधी लागली, आणि शहराने त्यांचं ऐकलं, या दोन्ही गोष्टी मला सारख्याच मोलाच्या वाटतात.

त्याच सुमारास स्कॉटलंडमधल्या एडिंबरात नेमकं उलट चाललं होतं. पोलिसांनी कंबर कसली. ज्याच्या खिशात सिरिंज सापडेल ती जप्त. दुकानांत सिरिंजा मिळेनाशा झाल्या. हेरॉइन मात्र मिळत राहिलं. मग दहा-दहा जण एक सुई वापरू लागले. १९८६ साली तिथल्या एका वस्तीतल्या डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यात येणाऱ्या हेरॉइन घेणाऱ्यांच्या रक्ताच्या तपासण्या प्रसिद्ध केल्या. १६४ जणांपैकी निम्म्याहून अधिक जणांना एचआयव्हीची लागण झालेली होती. त्याच वर्षी सरकारी समितीने सुया द्या अशी शिफारस केली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. एडिंबराच्या पोलिसांचा हेतू वाईट नव्हता. जप्तीचा परिणाम काय होईल, हे सांगू शकणारी माणसं रस्त्यावर होती. त्यांना कोणी विचारलं नाही.

बळजबरीचा हा अनुभव महाराष्ट्राला जुना आहे. १८९७ च्या प्लेगात पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या कारभाराने सैनिक घराघरांत घुसवले. रोग्याला ओढून नेलं जाई, घरातलं सामान बाहेर फेकलं जाई. लोक रोगी लपवू लागले, प्रेतं लपवू लागले. लपवलेला रोगी म्हणजे मोकळी सुटलेली साथ. पुढच्या वर्षी मुंबईत दंगल झाली, त्यानंतर सरकारला सक्ती सैल करावी लागली आणि निरनिराळ्या समाजांनी स्वतः काढलेल्या इस्पितळांवर विसंबावं लागलं. त्याच १८९७ मध्ये सावित्रीबाई फुले पुण्याजवळ आपले पुत्र डॉ. यशवंतराव यांच्या दवाखान्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. साथ एकच होती. एका वाटेने माणूस दारं लावून घेतो, दुसऱ्या वाटेने तो आपल्या पायांनी दवाखान्यात येतो.

आता जवळचं सांगतो. १९९२ साली कोलकात्यात सार्वजनिक आरोग्याच्या एका केंद्रीय संस्थेतले डॉ. स्मरजित जाना सोनागाछी या वेश्यावस्तीत पाहणीसाठी गेले. धंदा करणाऱ्या बायकांमध्ये निरोधचा वापर जवळजवळ शून्य, शेकडा तीनच्या आसपास होता. रूढ पद्धतीने गेले असते तर त्यांनी दवाखाना उघडला असता, पोस्टरं लावली असती. त्यांनी वस्तीतल्याच बायकांना कामाला घेतलं. हिरवे कोट घातलेल्या या बायका रोज घरोघर फिरू लागल्या. थोड्याच काळात एक गोष्ट लक्षात आली. निरोध वापरायला हवा हे बाईला कळत होतं, पण गिऱ्हाईक नाही म्हणालं तर त्याला परत पाठवण्याची ऐपत तिच्याजवळ नव्हती. सावकाराचं व्याज डोक्यावर, घरवालीचा हिशेब, पोराची फी. रात्रीचं एक गिऱ्हाईक गेलं तर उद्याचं काय? म्हणजे रोगाचं मूळ अज्ञानात कमी आणि कर्जात जास्त होतं. हे निदान कुठल्याही प्रयोगशाळेत झालं नसतं.

म्हणून १९९५ साली या बायकांनी आपली ‘उषा’ नावाची सहकारी पतसंस्था काढली. त्याच वर्षी ‘दुर्बार महिला समन्वय समिती’ ही त्यांची संघटना उभी राहिली आणि १९९९ मध्ये आरोग्याचा सगळा कार्यक्रम तिने स्वतःच्या हाती घेतला. निरोधचा वापर काही वर्षांतच बहुसंख्य बायकांपर्यंत पोहोचला. मुंबईतल्या वस्त्यांत नव्वदच्या दशकात तपासलेल्या बायकांपैकी निम्म्या किंवा त्याहून अधिक जणींना लागण झालेली होती. सोनागाछीत ते प्रमाण त्या मानाने फार कमी राहिलं. पतपेढी हे साथ रोखण्याचं साधन असतं, असं कुठल्या वैद्यकीय पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. त्या बायकांनी ते दाखवून दिलं. जाना २०२१ साली कोविडने गेले. त्यांचं नाव महाराष्ट्रातल्या प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात शिकवलं जावं, अशी माझी इच्छा आहे.

आणि आपल्याकडे सांगली आहे. १९९२ साली मीना सरस्वती सेषू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘संग्राम’ ही संस्था सुरू केली. आधी सांगलीतल्या गोकुळनगर या वेश्यावस्तीतल्या, मग आजूबाजूच्या जिल्ह्यांतल्या आणि कर्नाटकच्या सीमाभागातल्या बायका यात आल्या. निरोध वाटण्याचं काम बाहेरून आलेल्या कार्यकर्त्यांनी केलं नाही, बायकांनी केलं. १९९६ मध्ये त्यांनीच ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ स्थापन केली. नावातला पहिला शब्द त्यांनी लपवला नाही, हे लक्षात घ्या. निरोधापासून सुरुवात झाली आणि बघता बघता यादी वाढत गेली : सरकारी दवाखान्यात होणारी हेटाळणी, पोरांचे शाळेचे दाखले, पोलिसांची मारहाण, रेशनकार्ड. आरोग्याच्या कार्यक्रमात रेशनकार्ड कुठून आलं, असं विचारणाऱ्या अधिकाऱ्याला त्या सांगतात की कागद नाही म्हणून दवाखाना नीट बघत नाही आणि दवाखाना बघत नाही म्हणून एचआयव्हीच्या गोळ्या सुटतात.

या बायकांचं एक म्हणणं मी पुनःपुन्हा ऐकलं आहे आणि ते मला पूर्ण पटतं : आम्हाला वाचवायला येणाऱ्यांपासून आम्हाला वाचवा. धाडी पडल्या की वस्ती पांगते. सुधारगृहात नेलेली बाई परत येते ती अधिक कर्जात आणि अधिक लांबच्या, अनोळखी जागी. निरोध वाटणारी मैत्रीण तिथे नसते. अल्पवयीन मुलींना सोडवलं पाहिजे यात दुमत नाही. पण तिथे नवी कोवळी मुलगी कधी आणि कोणाबरोबर आली, हे सर्वांत आधी वस्तीतल्या बायकांना कळतं. त्यांना शत्रू करून ही माहिती पोलिसांना कशी मिळणार?

एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेने अट घातली की आमचा एड्सचा पैसा हवा असेल तर वेश्याव्यवसायाच्या विरोधातल्या धोरणावर सही करा. ‘संग्राम’ने नकार दिला. २००५ मध्ये ब्राझीलच्या सरकारनेही चार कोटी डॉलरवर पाणी सोडलं, कारण तिथल्या कार्यक्रमात या बायका भागीदार होत्या आणि भागीदाराविरुद्ध सही करून काम होत नाही. सांगलीतली एक संस्था आणि एक देश एकाच प्रश्नावर एकाच बाजूला उभे राहिले, याचा मराठी माणसाला अभिमान वाटायला हवा.

कायदाही हळूहळू या बाजूला आला आहे. मणिपुरात १९८९-९० मध्ये सुई घेणाऱ्यांत एचआयव्ही वणव्यासारखा पसरला, तेव्हा नशेतून बाहेर पडलेल्या तरुणांनीच संघटना काढल्या आणि १९९६ मध्ये राज्याने आपल्या एड्स धोरणात सुया देण्याचा मार्ग मान्य केला. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याचं २२ वं कलम सांगतं की धोका कमी करण्यासाठी निरोध, स्वच्छ सुया किंवा पर्यायी औषध देणाऱ्यावर आणि घेणाऱ्यावर गुन्हा लागू होत नाही. कायद्यात उदाहरणं दिली आहेत आणि त्यातलं एक निरोध घेणाऱ्या वेश्येचंच आहे. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की बाईजवळ निरोध सापडणं हा गुन्ह्याचा पुरावा धरता येणार नाही. हे कलम आणि हा आदेश आपल्या पोलिस ठाण्याच्या हवालदाराला माहीत आहे का, हे मात्र दिल्लीतून कोणी येऊन तपासणार नाही.

इथे स्थानिक कारभार येतो. कॅनडातलं व्हँकुव्हर शहर घ्या. नव्वदच्या दशकात तिथल्या एका गरीब वस्तीत नशेच्या अतिमात्रेने माणसं मरत होती. १९९७ मध्ये वस्तीतल्या लोकांनी बागेत एक हजार क्रूस रोवले. नशा करणाऱ्यांची संघटना उभी राहिली आणि ती शहराच्या बैठकांना जाऊन बसू लागली. महापौर फिलिप ओवेन मूळचे व्यापारी वर्गाचे, जुन्या वळणाचे गृहस्थ. ते या लोकांना भेटले, त्यांचं ऐकलं आणि त्यांचं मत बदललं. त्यापायी त्यांच्याच पक्षाने त्यांची साथ सोडली. पण २००३ मध्ये ‘इनसाइट’ नावाचं केंद्र उघडलं. नशा घेणारा तिथे नर्सच्या देखरेखीखाली आपली सुई घेतो आणि अतिमात्रा झाली तर त्याला वाचवलं जातं. केंद्राच्या अर्ध्या किलोमीटरच्या टापूत अतिमात्रेचे मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले, असं २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. त्याच वर्षी केंद्र सरकारने ते बंद पाडायचा केलेला प्रयत्न तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हाणून पाडला. शहराने लोकांचं ऐकून उभं केलेलं काम देशाच्या सरकारला मोडता आलं नाही.

आपल्याकडे असं काही नाही असं समजू नका. मुंबई महापालिकेने १९९८ पासून एड्स नियंत्रणाची आपली वेगळी सोसायटी चालवली आहे. समलिंगी पुरुषांच्या ‘हमसफर ट्रस्ट’ला नव्वदच्या दशकात महापालिकेनेच आपल्या वाकोल्याच्या इमारतीत जागा दिली. तेव्हा ३७७ कलम जसंच्या तसं लागू होतं. ज्यांचं प्रेम कायद्याने गुन्हा ठरवलं होतं त्यांना शहराने एक खोली दिली, आणि त्या खोलीतून तपासणीचं, सल्ल्याचं काम सुरू झालं.

आता गावाकडे येऊ. ७३ व्या घटनादुरुस्तीने आरोग्य हा विषय पंचायतींच्या यादीत घातला. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानाने गावोगाव आरोग्य, पोषण व स्वच्छतेची समिती दिली आणि वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंतचा अबंधित निधी दिला. २००७ पासून महाराष्ट्रात पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचं काम सुरू झालं. गावकऱ्यांनी दवाखान्याला लाल, पिवळे, हिरवे शेरे दिले. जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर उभं राहून बायकांनी विचारलं : सुईचे पैसे का घेता, औषध बाहेरून का आणायला लावता, नर्सबाई कधी येतात. मी या जनसुनवायांना गेलो आहे. पदर खोचून उभी राहिलेली बाई वैद्यकीय अधिकाऱ्याला तारखेनिशी प्रश्न विचारते आणि साहेब तोंडी आश्वासन देऊन सुटू शकत नाहीत, हे मी पाहिलं आहे. या मार्गावर माझा गाढ विश्वास आहे.

पण बहुतेक गावांत ही समिती प्रोसिडिंगच्या वहीत जिवंत आहे. सही घ्यायला कार्यकर्ती घरोघर फिरते, निधी ब्लिचिंग पावडर आणि खुर्च्यांवर संपतो. आणि समिती खरोखर भरते तिथेही एक प्रश्न उरतो. गाव म्हणजे कोण? सरपंच, सदस्य, आशा, अंगणवाडीताई, एखादे निवृत्त गुरुजी. गावाबाहेरच्या पालातली बाई, ऊसतोडीहून परतलेलं जोडपं, टीबीच्या गोळ्या सोडलेला दारुडा, हे त्या बैठकीत नसतात. गाव त्यांच्याबद्दल बोलतं, त्यांच्याशी बोलत नाही.

दारूचा प्रश्न इथे सर्वांत अवघड होतो आणि तो टाळून मला पुढे जाता येणार नाही. महाराष्ट्रात गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं तर दारूचं दुकान बंद होतं. गडचिरोलीत लोकांच्या चळवळीतून १९९३ मध्ये जिल्हा दारूबंदी आली. हाही लोकसहभागच आहे. नवऱ्याच्या दारूने जिचं घर उद्ध्वस्त झालं तिला आपण कुठल्या तोंडाने सांगणार की तू बंदी मागू नकोस, हानी कमी करण्याचं शास्त्र शिक? ज्याचं जळतं त्याला कळतं, तर इथे जळतं तिचं. मी तिच्या बाजूने आहे. पण दुकान बंद झालं म्हणजे पिणारा माणूस नाहीसा होत नाही. तो शेजारच्या गावी जातो किंवा हातभट्टीकडे वळतो. मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभरहून अधिक माणसं दगावली. सगळे गरीब, बहुतेक हातावर पोट असलेले. आडव्या बाटलीचा ठराव करणाऱ्या ग्रामसभेने त्याच बैठकीत दुसरा ठरावही करावा : पिणाऱ्यांच्या उपचाराची सोय कुठे, त्यांना नेणार कोण, खर्च कुठल्या निधीतून.

या दुसऱ्या ठरावाला लागणारं शहाणपण महाराष्ट्रात आहे. पुण्यात १९८६ मध्ये सुनंदा आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, ते मुंबई-पुण्यातल्या गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, साथीच्या दिवसांत. तिथे व्यसनातून बाहेर आलेली माणसंच समुपदेशक म्हणून उभी राहिली, आणि व्यसनी माणसांच्या बायकांचे ‘सहचरी’ गट झाले. मुक्तांगणची वाट पूर्ण व्यसनमुक्तीची आहे, सुया देण्याची नाही. मला या दोन वाटांत भांडण दिसत नाही. मेलेल्या माणसाला व्यसनमुक्त करता येत नाही, म्हणून आधी त्याला जगवायचं. आणि दोन्ही वाटांवर ज्याने भोगलं आहे त्याच्या शब्दाला वजन आहे, हे महत्त्वाचं.

इथे बसलेल्यांत नगरसेवक आहेत, ग्रामसेवक आहेत, डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत. तुमच्याकडे माझी मागणी मोठी नाही. तुमच्या प्रभागात सुईची नशा करणारे, धंदा करणाऱ्या बायका, तृतीयपंथी, दारूच्या आहारी गेलेले मजूर असतील. त्यांच्यापैकी दोघांना तरी आरोग्य समितीचे सदस्य करून घ्या, निमंत्रित म्हणून नव्हे. बैठक त्यांच्या वेळेला, त्यांच्या वस्तीत घ्या. एका दिवसाची मजुरी बुडत असेल तर ती भरून द्या. निधीतल्या निदान एका खर्चावर त्यांची सही लागेल अशी तरतूद करा. ठाणे अंमलदाराला त्या बैठकीला बोलवा आणि एचआयव्ही-एड्स कायद्याचं २२ वं कलम त्यांच्यासमोर मराठीत वाचून दाखवा. दर तीन महिन्यांनी काय ठरलं आणि काय झालं ते चावडीवर लावा. यासाठी नवा कायदा लागत नाही, मंत्रालयाची परवानगी लागत नाही. येत्या ग्रामसभेच्या, येत्या प्रभाग बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घाला, आणि तो पुढे ढकलला गेला तर पुढच्या बैठकीत पुन्हा घाला.